बाय, बाण उलटा

दादा,

तुझी ही जायची रीत मला पसंत नाही. भांडण अर्ध्यावर असताना उठून जाणं याला आमच्या धंद्यात पळ काढणं म्हणतात. भाव न पटून गिऱ्हाईक पायरी उतरतं, तेव्हा तेसुद्धा थोडं पुढे जाऊन मान वळवतं, मागून कोणी हाक मारतंय का बघायला. तू तेवढंही केलं नाहीस.

तुझे जुने विद्यार्थी तुझ्यावर एक छोटं पुस्तक काढणार आहेत. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आत्या, सरांच्या बहीण म्हणून चार शब्द लिहून द्या." मी विचारलं, "चांगलेच पाहिजेत?" तर एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी म्हटलं, देते, पण माझ्या मजकुराला कात्री लावायची नाही. कबूल झाले. तू कुठे शिकलास, कुठल्या कॉलेजात शिकवलंस, हे ते लिहितीलच. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. "कुठलं वाक्य?" असं विचारू नकोस. एकदा विचारून झालंय तुझं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बारावीत होते. बाजाराच्या रस्त्याला बाबांचं नारळ-खोबऱ्याचं दुकान होतं आणि कॉलेज सुटलं की मी गल्ल्यावर. तू नुकताच रसायनशास्त्र शिकवायला लागला होतास आणि घरात तुझा शब्द म्हणजे पंचांग. माझा पूर्वपरीक्षेचा पेपर घरी आला. ऑरगॅनिकच्या प्रश्नात क्रिया कशी घडते ते वाकड्या बाणांनी दाखवायचं होतं. एका बाजूला न्यूक्लिओफाइल, म्हणजे ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जादा जोडी आहे आणि ती द्यायची तयारी आहे. दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रोफाइल, म्हणजे ज्याला इलेक्ट्रॉन कमी पडतायत. मी सगळे बाण कमी असलेल्यापासून सुरू करून जादा असलेल्याकडे नेले होते. एकूण एक. घाईत नव्हे, विचार करून. ज्याला हवं असतं तो उठून जातो, हे मी रोज दुकानात बघत होते. खोबरं आपण होऊन गिऱ्हाइकाच्या घरी चालत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तू ओटीवर मांडी घालून पेपर चाळलास. खिशातून लाल पेन काढलंस, जणू माझ्या बाईंनी मारलेल्या फुल्या कमी होत्या.

"बाय, बाण उलटा," म्हणालास. "हाही उलटा. सगळेच उलटे आहेत की गो."

मी म्हटलं, "का उलटे?"

तू मान वळवून बाबांना म्हणालास, "हिला रसायनशास्त्र जमायचं नाही. कॉमर्सला घाला."

बाबा "बरं" म्हणाले. पावसाळ्याआधी पत्रे बदलायला हवेत असं कोणी सांगितल्यावर जसं म्हणायचे तसंच. आई आत आमटीला फोडणी देत होती, तिच्यापर्यंत ते पोचलंसुद्धा नाही. घरातली एवढी मोठी उलथापालथ इतक्या कमी आवाजात झाली याचाच मला जास्त राग आहे.

कॉमर्सलाही मी गेले नाही. एक दार तुम्ही लावलंत म्हणून शेजारचं उघडायला मी कशाला जाऊ. दुकानात बसले. मला काय हवं होतं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते. मला तो पांढरा कोट हवा होता. तुझा डबा पोचवायला मी कॉलेजात येत असे तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडकीतून मुली दिसायच्या, कोट घातलेल्या, हातात काचेची नळी धरून रंग बदलायची वाट बघणाऱ्या. एवढ्या गंभीरपणे कशाची तरी वाट बघायला मिळणं ही मला चैन वाटायची. आता मी शेडमध्ये प्लॅस्टिकचा एप्रन घालते. रंग त्याचाही पांढराच आहे, तेवढं एक बरं.

तू वाईट भाऊ नव्हतास. तसा असतास तर एवढा मनस्ताप नव्हता. एकदाच तोंड फिरवलं असतं आणि मोकळी झाले असते. यजमान मुंबईला नोकरीत, दुकान चुलत्यांच्या वाटणीला गेलेलं, आणि मी घरामागच्या जांभ्या चिऱ्याच्या शेडमध्ये खोबरेल तेलाचा साबण करायला घेतला, तेव्हा आपल्याच भावकीतले म्हणाले, नारळाच्या गावात नारळाचा साबण कोण घेणार. तू मात्र पहिल्या घाण्यातली एक वडी घेऊन न्हाणीघरात गेलास आणि बाहेर येऊन म्हणालास, "थोडा चरचरतो. पण साबण आहे." मग पिशवी भरून वड्या कॉलेजात नेल्यास आणि प्राध्यापकांच्या खोलीत विकल्यास. कोणालाही भाव कमी करून दिला नाहीस. "बहिणीचा माल आहे, तिला विचारायची माझी छाती नाही," असं सांगितलंस म्हणे. तुझ्या आयुष्यातला तो एकमेव व्यापार, आणि तो तू माझ्यापेक्षा चांगला केलास. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. तोंडावर म्हणाले होते, "पिशवी फाडून आणलीस."

आज गणपतीपुळ्याला माझा स्टॉल आहे, किनाऱ्यावरच्या हॉटेलांना माझ्या वड्या जातात, आणि किमतीवरून माझ्याशी वाद घालायला माणसं घरून जेवून येतात. हे सगळं मी केलं. पण ते करत असताना प्रत्येक टप्प्यावर माझ्या कानात ते तुझं ओटीवरचं वाक्य होतं. साबण म्हणजे रसायनशास्त्रच की. जे मला जमायचं नव्हतं तेच मी पातेल्यात ढवळून विकत होते, आणि तू दर रविवारी स्कूटरवरून येऊन त्याच शेडमध्ये चहा पीत होतास. तुला यात काही विचित्र वाटलं नाही. मला वाटायचं.

तुझे धडे सुरू झाले ते त्या पोत्यापासून. पावसाळा होता आणि साबण धरेना. ढवळलं की मिश्रण आळायला हवं, तर ते सपक पातळ. वडी पाडली तर वर तेल तरंगतंय. मी माझ्या मदतनीस बायकांवर ओरडून घेतलं, पावसावर ओरडून घेतलं. तू आलास, कॉस्टिक सोड्याच्या पोत्यात डोकावलास. आतले दाणे एकमेकांना चिकटून ओलसर ढेकूळ झाले होते.

"घेतलंस तेव्हा तोंड उघडं होतं?"

"मग? बंद पोतं त्या भावात दिलं असतं कोणी?"

तू चष्मा पुसलास. तुला हसू दाबायचं असलं की तू चष्मा पुसायचास.

"बाय, कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि आपली हवा म्हणजे काय विचारायचं. या पोत्याच्या वजनात निम्मं कॉस्टिक नाही, पाणी आहे. तू पावसात बसून पाणी विकत घेतलंस. तेही घासाघीस करून."

मी तसंच ते पोतं रिक्षात टाकलं आणि तुला बरोबर घेऊन दुकानदाराकडे गेले. तू त्याला हवेतली आर्द्रता समजावून देत होतास आणि मी त्याला, मी कोण आहे ते समजावून देत होते. बंद पोतं मिळालं. येताना तू म्हणालास, "माझ्या बोलण्याचा उपयोग झाला." मी म्हटलं, "हो, तुझं ऐकून कंटाळून दिलं त्याने." त्या दिवशी आपण दोघं किती हसलो, रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

पुढच्या रविवारी तू खिशात खडू घेऊन आलास. शेडच्या भिंतीला माझी पाटी टांगलेली असते, हॉटेलांच्या ऑर्डरी लिहायला. ती मला न विचारता पुसलीस आणि तेलाचा रेणू काढलास. मी बोंब मारली की त्यावर नेवऱ्याच्या हॉटेलाची ऑर्डर होती. तू म्हणालास, "बस. ढवळतेस ते काय आहे ते तरी कळू दे."

दादा, तू शिकवायचास चांगलं, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. मला अजून ते चित्र दिसतं. "हा कार्बन बघ. याच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, आणि दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढणारे. मधल्यामध्ये हा बिचारा उघडा पडलाय."

"बिचारा कसला. गरजू आहे म्हण."

"बरं, गरजू. आणि हा कॉस्टिकमधला हायड्रॉक्साइड. याच्याकडे जादा जोडी आहे." आणि तू बाण काढलास. हायड्रॉक्साइडपासून सुरू, कार्बनवर शेवट. डौलदार, वाकडा, घाई नसलेला.

माझं डोकं तिथेच फिरलं. "परत देणाऱ्यापासून?"

"नेहमीच देणाऱ्यापासून."

"का?"

"तसं ठरलंय."

"कोणी ठरवलंय? ज्याने ठरवलं तो कधी बाजारात गेला होता काय?"

"बाय, ढवळ. खाली लागेल."

असे किती रविवार गेले. तुझा बाण देणाऱ्यापासून निघायचा, माझा घेणाऱ्यापासून. आणि मधल्या मधे तू बाकीचं सगळं शिकवून टाकलंस. कार्बनला चारच हात. नवी जोडी हातात घेतली की जुनी एक कुठेतरी सोडावी लागते. म्हणून ऑक्सिजनबरोबरच्या दोन बंधांपैकी एका बंधाची जोडी वर ऑक्सिजनवर जाऊन बसते. पण तिला तिथे करमत नाही. ती परत खाली येते आणि येताना दुसऱ्या बाजूच्या कोणाला तरी बाहेर ढकलते. तो जो बाहेर पडतो, तो ग्लिसरीनचा भाग. "आणि लक्षात ठेव," तू खडू पाटीवर टेकवून म्हणालास, "जाणारा त्या बंधाची जोडी घेऊन जातो. दोन्ही इलेक्ट्रॉन. मागे काही ठेवत नाही."

मी म्हटलं, "मग परत आला तर?"

"येऊ शकला असता. पण तो बाहेर पडल्या पडल्या मागे राहिलेल्या आम्लातला हायड्रोजन उचलतो. आम्लाचं होतं मीठ, तोच तुझा साबण. मिठाला त्याची गरज उरत नाही. परतीची वाट बंद. बाकी पुष्कळ क्रियांना दोन्हीकडे बाण असतात, जाणारा आणि येणारा. इथे एकच."

तुला नेलं त्या सकाळी मला नेमकं हेच आठवलं. बायका रडत होत्या आणि मी दातओठ खात उभी होते. वहिनीला वाटलं, मला धक्का बसलाय. मला राग आला होता. जोडी घेऊन गेलास.

आता त्या दिवसाकडे येते. तू आणि मी शेडमध्ये, पाटीवर तोच रेणू, तेच भांडण. पुण्याची एक बाई गाडी थांबवून आली. पुळ्याचं दर्शन करून, आरे-वारेच्या रस्त्याने माझा पत्ता शोधत आली होती. तिने वडी हुंगली, भाव विचारला, दचकली. मी एक पैसा सोडला नाही. ती पायरी उतरली, मी हाक मारली नाही, ती परत आली. अर्ध्या तासाची करमणूक झाली आणि ती वड्या घेऊन गेली. तू कोपऱ्यात रिकाम्या डब्यावर बसून बघत होतास.

मी म्हटलं, "बघितलंस? कोण आलं चालत? ती आली. मी गेले नाही. बाण तिच्यापासून."

तू म्हणालास, "आणि साबण?"

"साबणाचं काय?"

"साबण कुठून कुठे गेला?"

"माझ्याकडून तिच्या..." आणि मी थांबले. हातातली पळी तशीच राहिली, त्यातून थेंब पडत होते. मग मी म्हटलं, आणि मला आठवतं की मी चिडूनच म्हटलं, "मग तसं सांग की. बाण गिऱ्हाइकाचा नाहीच. मालाचा आहे."

कोण चालत आलं याच्याशी बाणाला कर्तव्य नाही. इलेक्ट्रॉन कोणाच्या हातातून सुटले आणि कोणाच्या हातात पडले, एवढंच तो दाखवतो. रेणू नाही, अणू नाही, गरज नाही. माल. माझ्या सगळ्या पेपरात मी गिऱ्हाइकाची वाट काढत बसले होते. ती वाट खोटी नव्हती. ती विचारलेली नव्हती.

तुझे विद्यार्थी सांगतात की कोणी बरोबर उत्तर दिलं तर तू "हं, पुढे" म्हणायचास आणि तेच तुझं मोठ्यातलं मोठं कौतुक. दादा, त्या दिवशी तू "हं, पुढे"सुद्धा म्हणाला नाहीस. खडू पाटीच्या कडेवर ठेवलास. गार झालेला चहा बशीत न ओतता कपानेच प्यायलास, जे तू कधी करत नसायचास. किल्ली उचललीस आणि गेलास. हेल्मेट विसरलास म्हणून परत आलास. मला वाटलं, आता बोलशील. हेल्मेट घेतलंस आणि गेलास.

मी पाटी पुसली आणि नेवऱ्याची ऑर्डर लिहिली. आता लोक विचारतात, सरांच्या हातचं काही ठेवलंय का. नाही ठेवलं. पाटी मला धंद्याला लागते.

तेव्हापासून मी मागे लागले. दर सणाला, दर वेळी. यंदाच्या शिमग्याला तर तू जेवायला बसला होतास आणि मी वाढता वाढता म्हटलं, "ते वाक्य मागे घे."

"कुठलं वाक्य?"

"ओटीवरचं."

तू पुरणपोळीवर तूप पसरवत राहिलास. "एवढं जुनं?"

"जुना माल आहे. कुजलेला नाही."

"बाय, साबणाचं परत तेल होत नाही. शिकवलंय मी तुला."

"ते पातेल्यात. मी माणसाला विचारतेय."

मी भाव उतरवत आणला, दादा. मी, जिने पुण्याच्या बाईला एक पैसा सोडला नाही. आधी म्हटलं, सगळ्या भावकीसमोर बोल. नको, तर वहिनीसमोर बोल. तेही नको, तर मला एकटीला बोल. बोलायचं नसेल तर नुसती मान हलव. तू मान हलवलीस. पण त्याच वेळी तू ठसका लागून पाण्याला हात केला होतास, त्यामुळे ती मान होकाराची होती की ठसक्याची, हे मला कळलं नाही. मी विचारलं, "हे काय समजू?" तू म्हणालास, "बोलू." मी म्हटलं, "कधी?" म्हणालास, "बोलू म्हटलं ना गो. पोळी वाढ."

पोळी वाढली. तू गेलास.

दिवसकार्य झाल्यावर तुझे विद्यार्थी तुझ्या घरी आले. कोणी केस पिकलेले, कोणी अजून कॉलेजातले. ओटीवर सतरंजी घातली होती, तीच ओटी. एक उंच माणूस, लोट्याला एका रसायनाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे, डोळे पुसत म्हणाला, "सरांचं ते एक वाक्य मी रोज वापरतो. नव्या पोरांनी चुका केल्या की सांगतो. बाण गिऱ्हाइकाचा नाही, मालाचा."

आणि सगळे माना डोलावून हसले. "सरांचं वाक्य." "सरांशिवाय कोणाला सुचणार." एकाने तर तुझा आवाज काढून म्हणून दाखवलं.

तुला ठाऊक आहे, हातखंब्याला हायवेवर कुठला कुठला आंबा आणून रत्नागिरी हापूसच्या पेटीत भरून विकतात, आणि ते बघून माझा किती जळफळाट होतो. मी गाडी थांबवून भांडलेली आहे. इथे माझाच आंबा, आपल्याच ओटीवर, तुझ्या पेटीतून निघत होता. दुखवटा होता. बायका आत होत्या. मला गप्प बसता आलं असतं, पण मी कधी बसलेय.

मी म्हटलं, "ते वाक्य सरांचं नाही. माझं आहे."

उंच माणूस सतरंजीचे दोरे बघायला लागला. म्हाताऱ्या बहिणीचं डोकं दुःखाने फिरलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी, तुझाच विषय ज्युनियर कॉलेजात शिकवते ती, पुढे सरकली.

"म्हणजे ती मुलगी तुम्ही?"

"कुठली मुलगी?"

"सर दरवर्षी सांगायचे. मेकॅनिझम, म्हणजे क्रिया कशी घडते ते, सुरू करायच्या दिवशी. वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं, त्यामागची गोष्ट विसरले." ती जरा थांबली, शब्द जसेच्या तसे आठवायला. "म्हणायचे, हे वाक्य माझं नाही. एका मुलीचं आहे. तिचे सगळे बाण उलटे होते. मी तिला जमायचं नाही म्हणून सांगितलं. सगळेच्या सगळे उलटे कोणी चुकून काढत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. तिच्या डोक्यात काहीतरी पक्कं होतं आणि ते काय, हे मी विचारलं नाही. ती मुलगी हुशार होती, मास्तर कच्चा होता."

मी विचारलं, "बहीण म्हणायचा?"

"नाही. मुलगी म्हणायचे. आम्हाला वाटायचं कोणीतरी जुनी विद्यार्थिनी असेल. मग खडू खाली ठेवायचे. आम्ही वाट बघायचो."

दादा, तू सगळ्या कॉलेजला सांगितलंस. वर्षामागून वर्ष, नव्या नव्या पोरांना. लोट्याच्या कारखान्यात ठाऊक, मुंबईच्या कंपन्यांत ठाऊक, भारताबाहेर गेलेल्यांना ठाऊक. फक्त तुझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर जी शेड आहे तिथे नाही. रविवारी तिथे येऊन चहा प्यायचास, सोमवारी वर्गात जाऊन माझी माफी मागायचास आणि पुढच्या रविवारी परत येऊन म्हणायचास, "बाय, खाली लागेल, ढवळ." याला काय म्हणायचं? देणाऱ्यापासून बाण काढायचा हे जन्मभर शिकवलंस, आणि स्वतःचा बाण भलत्याच पत्त्यावर सोडलास.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी पोह्यांना कोथिंबीर चिरत होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"होतं वन्सं."

"मग?"

"त्यांची छाती नव्हती. म्हणायचे, तिला सांगितलं तर ती म्हणेल, आता त्याचं काय लोणचं घालू."

मी तसंच म्हणाले असते. अगदी त्याच शब्दांत. आणि मग तू गेल्यावर शेडचं दार लावून बसले असते. हे तुलाही ठाऊक असणार, म्हणूनच तू गप्प बसलास, म्हणूनच मला तुझा आणखी राग येतो. माझी एवढी ओळख होती तर तेवढं बोलणं अवघड नव्हतं.

जाताना ती शिक्षिका पायरीवर घुटमळली. म्हणाली, "आत्या, ते वाक्य मी माझ्या वर्गात सांगते. आता तुमचं नाव सांगून सांगू का?"

मी म्हटलं, "फुकट नाही."

ती घाबरली. तुझ्या हाताखाली शिकलेली, तिला बिचारीला घासाघीस कुठली माहीत.

मी म्हटलं, "एक अट आहे. कोणी पोरीने बाण उलटा काढला, तर पेन उचलायच्या आधी तिला विचारायचं, असा का काढलास. आणि तिचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. कबूल असेल तर ने."

"कबूल," ती म्हणाली. आणि मग, तुझीच लकब, तिला कळलंही नाही, तिने चष्मा पुसला.

दादा, एवढाच प्रश्न होता. ओटीवर बसून तू मला तो विचारला असतास, तर तेव्हा मी तुला दुकान सांगितलं असतं, तू मला माल सांगितला असतास, आणि एका दुपारचं काम होतं.

दुसऱ्याच्या हातून आलेला माल मी घेत नाही, हे तुला माहीत आहे. ज्याचा त्याने आणून द्यावा, माझ्यासमोर तोलून द्यावा. तुझा हा माल कुठल्या कुठल्या वर्गांतून फिरून, अनोळखी पोरीच्या ओंजळीतून, उशिरा पोचला. परत पाठवायचा तर तू पत्ता ठेवला नाहीस.

घेतला आहे. पोच मागू नकोस.




तुझी,
बाय